शनिवारी जिन्याने जाणारी

लिफ्टसमोर छातीत जोराची कळ आली आणि मी फरशीवरच बसले. वरच्या मजल्यावरची बाई जिन्याने उतरत होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हडपसरच्या आमच्या इमारतीत लिफ्ट धडधाकट असताना ती दर शनिवारी जिन्याने जायची. आपल्या दाराच्या चौकटीला ठोकलेल्या डबीवर बोटं टेकवून ती ओठांना लावायची. शनिवारी तिच्या हातात मोबाइलही नसायचा. मला ती चक्रम वाटायची.

ती माझ्याशेजारी टेकली. "आजी, येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहा."

"आधी येऊ तर दे!"

तिने माझ्या पिशवीतला मोबाइल काढून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि माझ्याबरोबर आली.

संध्याकाळी दवाखान्यात मी विचारलं, "अगं, तू नक्की पाळतेस तरी काय?"

"आई ज्यू, सासूबाई बौद्ध. शनिवार आईचा, त्या दिवशी लिफ्ट नाही, फोन नाही; श्वास सासूबाईंचा."

"मग माझ्यापायी आईचा शनिवार मोडलास की."

"मोडला कुठे? कुणाचा जीव जात असेल तर फोन करायचा, हेही आईच्या शनिवारातच बसतं."

त्या डबीत काय असतं, ते विचारायचं राहिलं. उद्या विचारीन. जिवंत आहे मी.