सगळेच वैद्य

अवी गेल्याचा फोन डॅनियलनं केला. "डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हनले हुते रे... तेवढं पन न्हाई काढलं." अवी गेला, हे मला त्या वाक्यातच कळलं; आणि तो जाणार हे डॅनियलला आधीपासून ठाऊक होतं, हेही. पाच आठवडे झाले, ही दुसरी गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही.

श्रीरामपुरात अवीचं झेरॉक्सचं दुकान. वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी डॅनियल, आरिफ आणि मी खेळायला जमायचो. आम्ही एकेक पात्र घ्यायचं, अवीनं गोष्ट पुढं न्यायची, लढाईत काय होतं ते फाशांवर. बिघडलेल्या झेरॉक्स-कागदांच्या पाठीवर तो डोंगर, किल्ले, राक्षसांच्या गुहा काढायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं जाहीर केलं, "या डावात सगळे वैद्य. योद्धा न्हाई, जादूगार न्हाई."

"मग राक्षसाला काय काढा पाजायचा?" आरिफ म्हणाला.

"पाजा की!"

आणि खरंच पाजला. तापानं फणफणलेल्या राक्षसाला बरं करून आम्ही घाट ओलांडला, तेव्हा अवी उभा राहून टाळ्या वाजवत होता. नियम एकच कडक. जखमी माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. एकदा मी जखम लपवली, तर माझा वैद्य त्यानं सरळ मारून टाकला. वर म्हणाला, "सांगायचं हुतं ना लेका!"

उन्हाळ्यात तो वाळला. विचारलं तर म्हणाला, "ॲसिडिटी." मी ओव्याची पुडी नेऊन दिली... ती त्यानं गंभीरपणे खिशात ठेवली. डॅनियल आणि आरिफ खाली बघत होते. मला वाटलं, नकाशा बघताहेत.

दहाव्यानंतर मी वहिनींना विचारलं, मला एकट्यालाच का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हनायचे, त्याला सांगितलं तर तो खेळायचा न्हाई, नुसता माझ्याकडं बघत बसंल. एक जन तरी धड खेळनारा पायजे."

लोक म्हणतात, केवढं प्रेम! मला तसं वाटत नाही. त्याच्याशी भांडायचा, त्याच्यापुढं रडायचा, त्याला नगरच्या दवाखान्यात घेऊन जायचा माझा हक्क त्यानं मला न विचारता काढून घेतला.

वहिनींनी वरची खोली उघडून दिली. अवी आपला वीस बाजूंचा फासा टाकला की त्यावर वाटी पालथी घालायचा, आकडा आम्हाला दिसू नये म्हणून. शेवटच्या रविवारी पोट धरून तो मधेच उठला होता. वाटी तशीच होती. मी उचलली. वीसपैकी तीन. आमच्यापैकी कुणासाठी टाकला होता, कोण जाणे...

वाटी मी पुन्हा पालथी घातली नाही.