तीन घरांचा एक फोल्डर

माझ्या विहीणबाई नागपुरात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि मी नववीतून शाळा सोडून लग्न करून भोपाळला आलेली. वय, उंची, दुखरे गुडघे सगळं सारखं, एवढा एकच फरक. मुलाच्या लग्नात तो कुणी काढला नाही. मीच तो मनात घेऊन मांडवभर फिरले.

भोपाळबद्दल माझी तक्रार नाही. कारखान्याच्या टाउनशिपनं राहायला क्वार्टर दिलं, वेळेवर पाणी दिलं, दवाखाना दिला. माहेर इतकं लांब की कुणी आजारी पडल्याचं पत्र यायचं तोवर माणूस बरा झालेला असायचा. त्या दिवसांत शेजाऱ्यांनी सांभाळलं. कॉम्प्युटरसुद्धा शेजाऱ्यांनीच शिकवला. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला, आणि खालच्या क्वार्टरमधले भाईसाहब, कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातले क्लार्क, रोज चहाच्या वेळी वर येऊन मला धडे द्यायला लागले. "भाभीजी, डरिए मत. बटन दबाने से घर नहीं उड़ता," ते म्हणायचे. मी तरी नवीन काही दाबण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना बघून यायची. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सुनेचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, नागपूरला झालं. मुलगी झाली. बारसंही तिथेच, आणि नेमकं त्याच आठवड्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी गेले नाही. ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालत बसले आणि तिकडे माझ्या नातीचं नाव ठेवलं गेलं.

मग एका रविवारी मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, फोटो इकडेतिकडे पाठवत बसण्यापेक्षा तिन्ही घरचे कॉम्प्युटर जोडून टाकू. एका फोल्डरमध्ये कुणीही काही टाकलं की तिन्हीकडे दिसेल. फुकटातली सॉफ्टवेअर आहेत. मी त्यातल्या तीन सॉफ्टवेअरची नावं देतो. वापरायचं तुम्हाला आहे, तेव्हा तू आणि आई मिळून ठरवा." आई म्हणजे विहीणबाई. तो त्यांनाही आईच म्हणायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही, पण ऐकू यायचं.

चार दिवसांत विहीणबाईंनी चौकटीच्या कागदावर तक्ता करून त्याचा फोटो पाठवला. आडव्या रांगेत तीन सॉफ्टवेअर, उभ्या रांगेत प्रश्न: जागा किती मिळते, दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असावे लागतात का, चुकून काढलेली वस्तू परत मिळते का. प्रत्येक चौकटीत बरोबरची किंवा फुलीची खूण, लाल पेननं. खाली एक ओळ: 'माझ्या मते पहिले घ्यावे, कारण त्यात काढलेले फोटो काही दिवस राखून ठेवतात.' अक्षर असं की फळ्यावरून उचलून ठेवलंय.

तो कागद मी ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "बाईंनी छान काम केलंय." एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी भाजीत मीठ घालायची विसरले.

आता खरं सांगायचं तर मला पहिल्या सॉफ्टवेअरबद्दल काहीच खटकलं नव्हतं. ते विहीणबाईंनी निवडलं, हेच खटकलं. मी भाईसाहबांना बोलावून तिसऱ्याची माहिती काढली. त्यात फोटो कुठल्या कंपनीच्या मशीनवर जात नसत, एका घरातून थेट दुसऱ्या घरात जात. जागेची मर्यादा नाही, खातं उघडायला नको. मला मुद्दा सापडला. रविवारी मी मुलाला म्हटलं, "आपल्या पोरीचे फोटो परक्याच्या कपाटात कशाला ठेवायचे? आपल्या घरातले आपल्या घरातच राहू देत."

मुलगा म्हणाला, "हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई, भारी."

विहीणबाई फोनवर होत्याच. त्या म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे विहीणबाईंचा. फक्त काढलेलं परत मिळायची सोय त्यात दिसत नाही, तेवढं बघून घ्या."

"आपण काढणारच कशाला?" मी म्हटलं.

माझं तिसरं ठरलं. मी त्या आठवड्यात बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात ओळखीच्या दोघींना थांबवून सांगितलं की मुलानं सॉफ्टवेअर माझ्या सल्ल्यानं घेतलं. एकीनं विचारलं, कसलं सॉफ्टवेअर. मी म्हटलं, आहे एक.

भाईसाहबांनी मात्र त्यावर एक गोष्ट जास्तीची केली. म्हणाले, "भाभीजी, ये तो सबका एक जैसा रखेगा. लेकिन बैकअप अलग चीज़ है." त्यांनी एक बाहेरची डिस्क आणायला लावली, दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं, आणि सांगितलं की दर रविवारी डिस्क जोडायची, ते कॉम्प्युटरमधलं सगळं तिच्यावर उतरवून घेईल. "ये सिर्फ जोड़ता है, हटाता कुछ नहीं." मी मान हलवली. दोन्हीत फरक काय हे मला कळलं नव्हतं, पण डिस्क जोडायला मी विसरले नाही. सांगितलेलं मी विसरत नाही, त्याची भीतीच वाटते.

जोडणी झाल्यावर पडद्याच्या कडेला एक छोटी खिडकी आली. तीत 'पुणे' आणि 'नागपूर' अशी दोन नावं, आणि तिकडचा कॉम्प्युटर चालू असला की नावापुढे हिरवी खूण. पुणे बहुतेक वेळ काळंच. नागपूर सकाळी पाचला हिरवं. मी पाण्यासाठी उठायची तेव्हा बघायची. इतक्या सकाळी ही बाई कॉम्प्युटरवर काय करते, ह्या विचारात माझा चहा निवायचा.

आणि मग बारशाचे फोटो आले. विहीणबाईंच्या भाच्यानं त्यांच्याच फोनवर काढलेले. फोन भरला म्हणून त्यांनी ते फोल्डरमध्ये टाकून फोन रिकामा केला. मी एकेक उघडून पाहिला. पाळण्याशी विहीणबाई. बाळाला कुंची घालताना विहीणबाई. बाळ मांडीवर, बाळ खांद्याशी, माझा मुलगा बाजूला हात बांधून उभा, आणि मधोमध मोरपंखी साडीत विहीणबाई. मी बाळाचा चेहरा मोठा करून पाहायची तर गालाशी त्यांचा गाल. नातीच्या कपाळावर माझ्यासारखी खोल रेघ आहे की नाही, हे मला त्यांच्या हाताआडून नीट दिसेना.

पंधरा दिवस मी ते रोज पाहिले. पाहायची आणि जळायची. दुसरा शब्द नाही.

एका सोमवारी दुपारी, हे दुसऱ्या शिफ्टला गेलेले, मी विहीणबाई असलेले फोटो एकेक करून काढून टाकले. एकतीस निघाले. माझ्या मनात एवढंच होतं की माझ्या घरच्या अल्बममध्ये मला नको ते मी ठेवणार नाही. लग्नाच्या अल्बममधून मी पूर्वी असे दोनचार काढले होते, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नंतर भाईसाहबांनी शिकवलं होतं तशी कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. नागपूरपुढे हिरवी खूण होती. तिचा ह्याच्याशी संबंध आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या दिवशी मला कान लावावा लागला.

"विहीणबाई, तुमच्याकडे बारशाचे फोटो दिसताहेत का हो?"

मी म्हटलं, "बघायला पाहिजे."

"माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलंय. सगळे गेले. पाळण्याचे चार तेवढे राहिले. फोनही मीच पुसला होता." मग म्हणाल्या, "मुलांना इतक्यात सांगू नका. हल्ली हिला सारखं वाटतं की मला विसरायला होतं. दूध उतू गेलं की माझ्याकडे अशी बघते. हे कळलं तर बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवणार नाही."

हिला म्हणजे माझ्या सुनेला, त्यांच्या मुलीला.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. बरं वाटलं. चौकटीच्या कागदावाली बाई घाबरली होती. त्या आनंदात मी भांडी घासली, ओटा पुसला, आणि ओटा पुसता पुसता कळलं की ते फोटो त्यांच्याकडून गेलेच नव्हते. माझ्याकडून काढले ते नागपूरहूनही गेले, पुण्याहूनही गेले असणार. सबका एक जैसा रखेगा. भाईसाहब हेच सांगत होते, आणि विहीणबाईंनी तक्त्यात लाल पेननं हेच विचारलं होतं.

भाईसाहबांना बोलवावं तर ते विचारणार, गेले कसे. मी एकटीनं डिस्क काढली. तीत मागच्या रविवारचं सगळं होतं. परत कसं आणायचं ते एकदाच पाहिलेलं. तासभर मी एकेका बटणापाशी थांबत होते, दोनदा गॅस बघून आले. शेवटी एकतीसच्या एकतीस फोल्डरमध्ये उतरले, आणि नागपूरची खूण हिरवी होती, म्हणून तिकडे गेलेही.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. "विहीणबाई, तुम्ही होतात म्हणून. कसं केलंत? मला तर सुचलंच नसतं."

हे शब्द मी किती दिवस ऐकायची वाट पाहत होते. ते आले, आणि मला ते घेता येईनात. आयुष्यभर मी लोकांचे उपकार मानत आले, उपकार कसे दिसतात ते मला ठाऊक आहे. हा उपकार नव्हता.

"तुमच्याकडून काही झालं नाही," मी म्हटलं. "मीच काढले होते."

त्या म्हणाल्या, "चुकून."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," त्या म्हणाल्या, "गॅस बंद करते," आणि फोन ठेवला. परत लावला नाही.

रविवारपर्यंतचे पाच दिवस मी कसे काढले ते ह्यांना विचारा. हे म्हणत होते, दवाखान्यात जाऊन बीपी दाखवून ये. माझ्या डोळ्यांपुढे एकच: मुलगा म्हणणार, आई, तू असं केलंस? सून काही म्हणणार नाही, आणि दिवाळीला बाळाला घेऊन भोपाळला यायचं ठरलंय ते हळूच राहून जाईल. तोवर मी नातीला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

रविवारी फोन आला. मुलगा पुण्याहून, सून आणि विहीणबाई नागपूरहून. मुलगा म्हणाला, "फोल्डरमध्ये काय गोंधळ झाला होता? इथे एकतीस फोटो गेल्याचं आणि परत आल्याचं दाखवतंय."

मी तोंड उघडण्याआधी विहीणबाई बोलल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंतचा. "माझ्याकडून दाबलं गेलं. तुझ्या आईंनी परत आणले. त्यांच्याकडे डिस्क होती म्हणून निभावलं."

सून म्हणाली, "आई, तरी तुला मी सांगत होते."

"सांगत होतीस," त्या म्हणाल्या.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मुलगी बोलतेय आणि त्या मुकाट ऐकून घेताहेत, माझ्यासाठी, हे मला बघवेना. आणि त्याहून जास्त, हे एवढं मोठेपण त्या एकट्या घेऊन जाताहेत हे बघवेना. तक्ता त्यांचा, पाळणा त्यांचा, आता हेही त्यांचंच.

"खोटं बोलताहेत त्या," मी म्हटलं. "मी काढले. मुद्दाम काढले."

मुलानं विचारलं, "का पण?"

"सगळ्यांत त्याच होत्या म्हणून."

सून म्हणाली, "आई, अहो..." बाळ मध्येच काहीतरी ओरडलं.

विहीणबाई म्हणाल्या, "मी सांगत होते भाच्याला, बाळाचेही घे रे थोडे. तो ऐकेना." आणि मग, "आता ते पहिलं सॉफ्टवेअर घेऊ या का?"

"घ्या," मी म्हटलं. "पण डिस्क राहील."

"राहू द्या. मलाही तशी एक हवी आहे. कशी जोडायची ते सांगा मला, मी लिहून घेते." कागद ओढल्याचा आवाज आला. "आणि दिवाळीला मी हिच्याबरोबर भोपाळला येतेय. फोटो मी काढीन. तुम्ही बाळाला घेऊन बसा."

मी सांगत गेले, त्या एकेक पायरी परत म्हणून लिहीत गेल्या. तिसऱ्या पायरीवर त्यांनी मला थांबवून विचारलं की ही आधी यायला हवी होती ना. आधीच यायला हवी होती.