शत्रूला पोळणारं नाव

लग्नात तांदळाच्या ताटात माझं नाव बदललं. मला कुणी विचारलं नव्हतं. जुनं नाव वडिलांनी ठेवलेलं, फौजेतून सुट्टीवर आले तेव्हा. ते गेल्यावर त्यांचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. सासऱ्यांनी नवऱ्याच्या हाती अंगठी दिली आणि तांदळात दुसरंच नाव लिहायला लावलं. मी हळूच नको म्हणाले, तर सासरे सगळ्या मांडवासमोर हसले, "पोरी, माहेरचं नाव माहेरी ठिवायचं असतंय. आता तू आमची."

मी मान खाली घातली. पण मनात गाठ मारली.

मुलगा झाला. बारसं रहिमतपूरला, माझ्या माहेरी होतं. नाव आत्यानं कानात सांगायचं, पण सुचवलं मी. नणंदेला म्हणाले, "वन्सं, परंतप म्हणा. गीतेतलं नाव हाय." सासरे खूश. सासरी, विट्यात, भेटेल त्याला सांगायचे, "नातवाच्या नावातच तप हाय बगा! सून लय संस्कारी." मी आतून ऐकायची आणि चहाला आणखी एक उकळी आणायची. शाळेत संस्कृत माझा हातचा विषय होता. पर म्हणजे शत्रू. तप म्हणजे इथं तापवणारा, पोळणारा. शत्रूला भाजून काढतो तो परंतप. दिवसभर त्यांनीच ती हाक मारावी, यातच मला सुख होतं.

गेल्या वर्षी गावात सप्ताह बसला. कीर्तनकारबुवांनी पोराला जवळ बोलावलं, नाव विचारलं आणि सगळ्यांसमोर त्याची फोड करून सांगितली. सासरे घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सूनबाई, तुला अर्थ ठाव हुता?"

"व्हय, मामंजी."

"मग आपल्या घराला शत्रू कोण गं?"

"घराला न्हाई, मला. माझ्या बापानं ठिवलेलं नाव ज्यानं भर मांडवात पुसलं, त्यो."

त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "नाव बदलून टाकू."

"बदला की. तुमाला सवय हाय."

पण पोरगं मधे पडलं, "मी न्हाई बदलणार. मला लय आवडलं."

सासरे आता त्याला नुसतं 'बाळा' म्हणतात. पाहुणे आले की पोरगा आपलं नाव अर्थासकट सांगतो आणि सासरे उठून बाहेर जातात. नवरा म्हणतो, "आता सोड की. थकल्यात ते."

मी सोडत नाही. पोराला म्हणते, "जरा मोठ्यानं सांग रं."