फोटोपुरता कोट

"कोट काढ. फोटो झालाय."

सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सांगितलं. आम्ही तीस बायका रांगेत उभ्या. अंगात कंपनीचा निळा कोट, हातात गुलाब. मागं भिंतीवर कापडी फलक: आपल्या कुटुंबात स्वागत. मी बटणं काढायला लागले, तर त्यानं कॉलरला धरून कोट ओढलाच. पुढची तुकडी दारात ताटकळली होती. माझ्या अंगाची ऊब असलेला कोट लगेच दुसरीच्या अंगात गेला. गुलाबसुद्धा परत बादलीत.

ही पहिल्या वेळची गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाची पावडर पिशव्यांत भरायचं काम. मी वडगाव निंबाळकरहून यायची, ठेकेदाराकडून लागलेली. घरी सांगितलं, कोट भारी होता. ओढून घेतला ते नाही सांगितलं. लाज त्याला वाटायला हवी होती, वाटली मला.

तिथली रीत अशी. सात महिने झाले की काम बंद. महिनाभर घरी बसायचं. मग परत तीच मशीन, तेच स्टूल, पण कागदावर आपण नवीन. सलग काम दिसलं तर कायम करावं लागेल ना! आणि नवीन म्हटलं की स्वागत आलंच. माझं सहा वेळा झालं. ज्यांना मी मशीन शिकवली ते कायम झाले, वर्षभर तोच निळा कोट घालून मिरवतात. आम्हाला आतल्या कँटीनमध्ये बसायची मुभा नाही. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली डबा उघडायचा.

सातव्या वेळी पुण्याहून मोठे साहेब आले. एचआरच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. गोड बोलल्या, ताई म्हणाल्या. हातात चिठ्ठी दिली, माइकवर वाचायला: 'आज पहिल्याच दिवशी मला इथं घरच्यासारखं वाटलं.'

पहिलाच दिवस. माझ्या बोटावर त्यांच्याच मशीननं भाजल्याचा डाग आहे, तीन वर्षांपूर्वीचा. माझं डोकंच फिरलं.

शेजारच्या मशीनवरची शबाना कुजबुजली, "वाच गं गपचूप. काढून टाकत्याल."

खरं होतं ते. माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मी कोट काढला. स्वतःच्या हातानं. घडी घालून साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला. आत माझा जुना, विटका ॲप्रन. माइक हातात घेतला.

"सायेब, मी हितं नवी न्हाय. हे माजं सातवं स्वागत हाय. फोटू काढायचा आसंल तर ह्या ॲप्रनवर काढा."

कुणीही टाळी वाजवली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडम हसत राहिल्या. दुपारी ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

येते. रोज येते. सकाळी दुसऱ्याच्या शेतात खुरपते आणि पाळी सुटायला गेटसमोर हजर. हातात वही. बाईचं नाव, कुठली मशीन, किती वेळा नवीन झाली. लिहून घेते आणि सही घेते. पहिले काही दिवस बायका मान खाली घालून पुढं जायच्या. परवा शबाना थांबली. नऊ वेळा, म्हणाली, आणि सही केली.

ही वही मी कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवणार आहे. मला गुलाब नको, स्वागत तर नकोच. कंपनीच्या हजेरीपटावर माझं नाव पाहिजे. तोवर त्या गेटवरून मी हलत नसते.