सगळ्यांच्या हाताला बसणारं घड्याळ

मला पाहायला आलेल्या मुलांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही. मनगटं मात्र सगळी आठवतात. मान वर करायची नाही, ही आमच्या भडगावच्या घरातली पहिली अट. पोह्यांचा ट्रे घेऊन जायचं, वाकायचं, बशी पुढे करायची. बशी घ्यायला हात पुढे यायचा. मुलगा म्हणून मला जे काही दिसायचं ते तेवढंच, कोपरापासून बोटांपर्यंत. त्यावरून जन्माचा जोडीदार ओळखायचा. समोरच्यांना मात्र मला चालवून, बोलवून, सुईत दोरा ओवायला लावून पाहायची मुभा होती.

त्यामुळे घड्याळांतलं मला बरंच कळायला लागलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवीन काट्यांशिवायची, आकड्यांची घड्याळं आली होती, पण लग्नाच्या बाजारात मान होता तो चावीच्या जुन्या घड्याळाला आणि त्यावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्याला. चकचकीत पट्टा, ताणला की लांबतो, सोडला की आखडतो. बक्कल नाही, भोकं नाहीत. मुलगा बसला की आधी शर्टाची बाही वर सरकवायचा, मग पायावर पाय टाकायचा. हा पट्टा मनगटावरचे केस पकडतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. बशी घेताना हात वळला की हळूच "स्स" ऐकू यायचं. मला हसू यायचं आणि मान आपोआप आणखी खाली जायची. आई नंतर कौतुकाने म्हणायची, किती लाजलीस गं.

स्थळं आणायचं काम माझ्या आत्याचं. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अक्काला वाटे, भाचीचं लग्न आपल्याशिवाय होणार नाही, आणि ते खरंच होत नव्हतं. तिने दोंडाईचाकडच्या एका खेड्यातलं स्थळ आणलं. हात बारीक होता. घड्याळ जुनं, तबकडी पिवळट पडलेली, आणि स्टीलच्या पट्ट्यात मधेच दोन कड्या पितळी, तुटलेल्यांच्या जागी बसवलेल्या. पट्टा इतका सैल की घड्याळ फिरून तळहाताच्या बाजूला गेलं होतं. मुलीचा रंग दबका आहे, असं चार दिवसांनी कळवलं.

काही महिन्यांनी अक्काने दुसरं स्थळ आणलं. या वेळी हात जाड. पट्टा ताणून कड्यांमध्ये फटी पडल्या होत्या आणि त्या फटींतून मांस वर आलं होतं. पितळी कड्या दोन. तबकडी पिवळट. मी ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले. मुलगा दुसरा होता, घड्याळ तेच होतं. अक्काला आत विचारलं तर म्हणाली, "भाऊबंदच आहेत गं, पण घर वेगळं." त्या वेगळ्या घराने लूना मागितली. माझे वडील शाळामास्तर. नाही म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी आधी पितळी कड्याच शोधल्या. होत्या. म्हणजे मुलगे बदलत होते आणि घड्याळ मला पाहायला येत होतं. एव्हाना त्याने तरी पसंती कळवायला हरकत नव्हती. या मुलाला सारखी शिंक येत होती. दोंडाईचाला मिरचीच्या गोदामात तो कारकून होता, आणि मिरची कपड्यांतून कधी जातच नाही, हे मला पुढे समजलं. त्यांच्याबरोबर घरातले थोरले काका आले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांना आपण सुधारलेले आहोत हे दाखवायची हौस. ते म्हणाले, "इचार बेटा, तुले बी काही इचारनं व्हई ते."

अशा वेळी खरंच काही विचारायचं नसतं, नुसती मान हलवायची असते. पण माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "किती वाजले?"

दारामागे आईची बांगडी वाजली. आबाच घाईने म्हणाले, "साडेचार वाजनात." बाहेर ऊन डोक्यावर होतं. मग त्या मुलाने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, शिंकला, आणि म्हणाला, "घड्याय बंद शे. आन् ते मन्हं बी नई शे, आबान्हं शे."

आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर केली. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अक्काने रात्रभर मला फैलावर घेतलं, पण आठवड्याने होकार आला, आणि मीही दिला. खरं बोलणारा माणूस मिळाला म्हणून मी खूश होते. खरं बोलणाऱ्या माणसाकडे स्वतःचं असं काय आहे, ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नात जावयाला घड्याळ द्यायची रीत होती. वडिलांनी बाजारातली नवी घड्याळं पाहिली आणि नाक मुरडलं. "खेळणी आहेत," म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातातलं काढलं. नोकरी लागली तेव्हा घेतलेलं, चावीचं, आतून टणटणीत. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना ते लावायचे आणि मग मुद्दाम थोडं पुढे ठेवायचे. मास्तराने घंटेआधी पोचलं पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. आख्खी शाळा त्या सिद्धांताला कंटाळलेली होती. पण ते घड्याळ म्हणजे आमचे वडीलच होते, आणि ते काढल्यावर मनगटावर जो पांढरा पट्टा उरला तो पाहून मला रडू आलं.

चामड्याचा पट्टा नवा घालून त्यांनी ते आबांना दाखवलं. आबा म्हणाले, "कातडाना पट्टा नको, मास्तर. स्प्रिंगना लावा. बठ्ठासले बसस."

सगळ्यांना बसतो. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की आमच्यातल्या कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. वडिलांना वाटलं, बोलायची पद्धत असेल. त्यांनी स्प्रिंगचा पट्टा लावून दिला.

अर्थ मला सासरी गेल्यावर लागला. चार भावांची एकमेकांना लागून घरं, आणि सगळ्यांच्या मधे आबा. माझे सासरे आबांचे धाकटे भाऊ. त्यांना एखाद्या गोष्टीवर मत विचारलं की ते आबांकडे बघायचे. मला रंगावरून नापसंत करणारा आता माझा जेठ, म्हणजे थोरला चुलत दीर होता, लूनावाला दीर होता, आणि दोघेही सणावाराला माझ्या हातच्या पुरणपोळ्या मिटक्या मारत खायचे. त्याबद्दल कोणालाही काही वाटत नसे. मलाही हळूहळू गंमत वाटायला लागली. गंमत वाटेनाशी झाली ती घड्याळामुळे.

आबांचं जुनं घड्याळ नुसतं दाखवायचं होतं. वडिलांचं चालायचं. मग काय, ज्याला कोर्टात जायचं तो ते घालून गेला, ज्याला साक्रीला बैल बघायला जायचं तो ते घालून गेला. चामड्याचा पट्टा असता तर निदान भोक शोधायची तसदी पडली असती. इथे हात घुसवला की झालं. कोणी मागतही नसे. माझा नवरा आंघोळीला गेला की कोनाड्यातलं घड्याळ नाहीसं व्हायचं. मी बोलले तर तो म्हणायचा, "येईल परत." परत यायचं, ते आणखी थोडं सैल होऊन. पट्ट्याच्या फटींत हळद, पिठाचे कण, आणि आमच्या भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचा निदान एक केस. त्या घरात तोवर माझ्या नावाची एकही वस्तू नव्हती. नवराही नव्हता म्हणा. त्यालाही कोणीही उचलून कुठेही पाठवायचं.

वर्षाने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस येतं. मला भाऊ नाही, म्हणून वडील स्वतः आले. स्टँडवरून चालत मळ्याच्या वाटेने आले आणि वाटेत विहिरीवर त्यांना दीर भेटला. तो इंजिनाला ग्रीस लावत होता. कोपरापर्यंत काळा हात, आणि त्या हातावर, ग्रीसवरच, वडिलांचं घड्याळ.

दीर त्यांना घेऊन घरी आला तेव्हा मी ओट्यावर होते. वडिलांनी फेटा काढला, पाणी घेतलं, आणि शाळेत पोराला विचारतात त्या आवाजात विचारलं, "वेळ बरोबर दाखवतं ना?"

दीर मनापासून म्हणाला, "बराबर शे, मास्तर. थोडं पुढे पळे, मी मांगे करी दिधं."

वडील "छान" म्हणाले. मग त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट चोळलं, आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं नाही. जेवताना सगळ्यांशी गोड बोलले. मला त्यांचा तो समजूतदारपणा सहन होईना.

मी नवऱ्याला मागच्या पडवीत गाठलं. म्हटलं, "आखाजीनंतर मी परत यावं असं वाटत असेल तर उद्या निघताना ते घड्याळ त्या हातात नसलं पाहिजे. असलं तर न्यायला येऊ नका. आबांना पाठवा, नाहीतर ज्याला बसतं त्याला पाठवा." तो नुसता शिंकला. मला वाटलं, संपलं. मी माहेरी नेतात त्याहून जास्त लुगडी पेटीत भरली. खरंच भरली. माझा निश्चय पक्का होता.

सकाळी निघताना दिराचं मनगट मोकळं होतं. त्यावर एक लाल ओरखडा होता आणि तो माझ्या नवऱ्याशी बोलत नव्हता. त्या दोघांत काय झालं हे मला कोणीच सांगितलं नाही. धुळ्याला गाडी बदलायची होती. तिथवर बसवून द्यायला नवरा आमच्याबरोबर निघाला.

धुळ्याच्या स्टँडजवळ तो आम्हाला न विचारता एका घड्याळजीच्या टपरीपुढे थांबला आणि खिशातून घड्याळ काढलं. घड्याळजी स्वतःला डॉक्टर समजणाऱ्यांपैकी होता. त्याने पट्टा हातात धरून आधी आमच्याकडे तुच्छतेने पाहिलं, मग दात घासायच्या ब्रशने तो घासायला घेतला. पाणी काळं झालं, परत काळं झालं. "किती जण घालतात हे?" त्याने विचारलं. वडील रस्त्याकडे पाहत होते.

"कड्या काढायच्या आहेत," नवरा म्हणाला.

"कोणाच्या मापाने?"

नवऱ्याने माझा हात धरून त्याच्यापुढे ठेवला. भर स्टँडवर, माझ्या वडिलांच्या देखत. आमच्याकडे नवरा बायकोच्या शेजारी बसमध्येही बसत नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि फार बरंही वाटलं.

"बाईच्या हातात एवढी डबी?" घड्याळजी म्हणाला. "खुळचट दिसेल."

"दिसू दे," वडील म्हणाले. एवढंच ते बोलले. घड्याळजीने चिमट्याने कड्यांचे आकडे उघडले, माझ्या मनगटाभोवती लावून पाहिलं, आणखी एक कडी काढली, आणि आकडे पुन्हा दाबून बसवले. पट्टा अंगासरशी बसला. निघालेल्या कड्या त्याने कागदाच्या पुडीत बांधून नवऱ्याला दिल्या. "जपून ठेवा. उद्या परत वाढवायचा म्हटलं तर या मिळायच्या नाहीत." नवऱ्याने पुडी खिशात टाकली. ती मी पाहिली. माहेरी झोके घेताना, गौराईची गाणी म्हणताना, माझं मन त्या पुडीवरून हलत नव्हतं. कड्या आहेत म्हणजे घड्याळ पुन्हा मोठं होणार, फार तर पावसाळ्यापर्यंत.

तरी मी परत गेले. महिनाभरात दिरासाठी शिरपूरकडची मुलगी बघायला जायचं ठरलं. जीप दारात, आबा कडक धोतरात. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी घड्याळ काढून दिलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

दिराने बोटं घातली. पट्टा ताणला, कुरकुरला, आणि आंगठ्याच्या हाडाशी थांबला. त्याने दात चावून रेटलं. जेठाने पकडून ओढलं. मग कोणीतरी सुचवलं आणि तो मोरीवर गेला, हाताला साबण फासला. बांगड्या भरायला बसलेल्या नवरीसारखा हा बाप्या हात आवळून बसलेला, समोर दोघे जण पट्टा ओढतायत, आणि खाली फेस. माझ्या सासूबाई तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. चुलत सासवाही. आत बायका भिंतीला टेकून हसत होत्या. जीपवाला हॉर्न वाजवत होता.

आबांनी ते घड्याळ धोतराच्या सोग्याने पुसलं. पट्टा निरखून पाहिला. त्यांना कळलं. त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि विचारलं, "काढेल कड्या कोठे शेतस?"

तो दारात उभा होता, डोळे लाल, नेहमीचेच. आबांच्या डोळ्याला डोळा देऊन तो म्हणाला, "पांझरामा फेकी दिध्यात."

धुळ्याहून एकटाच परतताना, पांझरा नदीच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून. मलाही त्याने तोवर सांगितलं नव्हतं. आखाजीच्या दिवसांत पांझरेला पाणी नसतं, हे आबांना माहीत होतं, दिराला माहीत होतं. कड्या वाळूतच पडलेल्या असणार. पावसाला अजून वेळ होता. शोधायला कोणी गेलं नाही.