आधी कोयता, मग हात

गंगाबाईच्या कोयत्यावर रक्ताचा थेंब वाळत नाही, असं पनवेलच्या मासळी बाजारात सगळ्याजणी म्हणायच्या. शेजारणी एकाच बादलीच्या पाण्यात सकाळ काढायच्या, ही मात्र सुरमईचा शेवटचा तुकडा पडला की लगेच राख, नारळाची शेंडी, वरून चांगलं पाणी. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. या सवयीचा तिला भारी तोरा होता, आणि याच सवयीनं तिचं घर बुडवलं.

तिच्या गावी, गव्हाणला, एका संध्याकाळी शेजारच्या आळीत हळद होती. गंगाबाई तिकडे गेलेली, घरी एकटा मुलगा कुंदन. तो उलव्याच्या बांधकामांवर टेम्पोनं खडी-रेती पोचवायचा. ते काम आपल्या हातचं गेलं म्हणून गावातलाच निकेश त्याच्यावर दात खाऊन होता. हळदीत दारू चढली तसा निकेश कोयता घेऊन कुंदनच्या दारात गेला. पहिला वार कुंदनच्या दंडावर बसला. दुसरा बसायच्या आत कुंदननं भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं.

गंगाबाई धावत आली तोवर माणसं निकेशला गाडीत घालत होती. तिला दिसला उंबऱ्याशी रक्तानं माखलेला कोयता, आणि दंडाला पंचा गुंडाळून भिंतीशी उभा कुंदन. पोरगा लहानपणापासून तापट. शाळेत एकाचा दात पाडलेला, गोविंदात एकाचं नाक फोडलेलं. आईनं मनातल्या मनात निकाल लावून टाकला. विचारलं काहीच नाही. कोयता उचलला, मागच्या दारी राखेनं घासला, आपल्या पाटीत टाकला. मग घरात येऊन पोराच्या दंडावर हळद दाबली. आधी कोयता धुतला, मग पोराचा हात.

निकेश वाचला, पण कुंदनवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. कायद्यातला आकडा बदलला तरी गाव अजून ‘तीनशेसात’च म्हणतं, आणि म्हणताना आवाज खाली आणतं. कुंदन तुरुंगात गेला. गंगाबाईला वाटत होतं, निदान कोयता तरी पोलिसांना सापडला नाही. पोराला आपण थोडं तरी वाचवलं.

“मावशी, सगळी मारामारी सारखी नसते,” कुंदनची केस घेतलेल्या रंजिता वकीलबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. “साधी मारहाण वेगळी, हाड मोडलं तर वेगळी, आणि मारूनच टाकायचा इरादा होता म्हटलं की एकदम वेगळी. पण समोरचा हत्यार घेऊन अंगावर आला, तर जीव वाचवायला हात उचलायचा हक्क कायदाच देतो. गरजेपुरताच हं, जास्त नाही. आता निकेश म्हणतो, मी रिकाम्या हातानं गेलो होतो, कुंदनचा दंड पत्र्यानं कापला. तो कोयता मिळाला असता, त्यावर कुंदनचं रक्त निघालं असतं, तर केसच फिरली असती.”

“कुंदन काय बोलतो?”

“म्हणतो, कोयता कुठे गेला माहीत नाही.”

 तिथंच सांगून टाकायचं, तर गंगाबाई उठून घरी आली. इतके दिवस तोंड कसं मिटलं होतं याची लाजही आता तोंड उघडू देईना. दुसऱ्या दिवशी बाजारात एकानं रावस कापायला सांगितला, तिनं पाटीत हात घातला आणि हातात तोच कोयता आला, मुठीला निळी दोरी गुंडाळलेला. त्या संध्याकाळपासून निकेशच्या याच कोयत्यानं तिनं कितीतरी रावस कापले होते. तिनं तो पदरात गुंडाळला आणि पाटी तशीच टाकून वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी ते लखलखीत पातं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

“धुतलेल्या कोयत्याचा किती उपयोग होईल, सांगता येत नाही मावशी. पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हीही अडकू शकता. आणि आई पोरासाठी खोटं बोलते, असं म्हणायला सरकारी वकील मोकळेच आहेत.”

“म्हनू देत. मी सांगनार.”

कोर्टात तिनं सगळं सांगितलं. सरकारी वकिलांनी एकच गोष्ट धरली. “रक्त तुमच्या मुलाचं होतं म्हणता. वार त्याच्यावर झाला म्हणता. मग कोयता धुतलात कशाला?”

कुंदन पिंजऱ्यातून तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नको म्हणत होता. गंगाबाईनं पिंजऱ्याकडे पाठ होईल एवढं तोंड फिरवलं.

“मला वाटलं, माज्या पोरानंच कोयता चालवला,” ती म्हणाली. “मी त्याला इचारलंच नाय.”

कुंदनला बाहेर नेताना पोलिसांनी तिला त्याच्यापाशी क्षणभर उभं राहू दिलं. पोरानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

“मी कोयता उचलला, तो तू पायला नव्हतास?”

“पायला व्हता.”

“मंग वकिलाला सांगितलं का नाय?”

“तुजं नाव आलं असतं.” तो खाली बघत होता. “तू राख घेऊन बसलीस तवाच समजलं, माज्याबद्दल तुला काय वाटलं ते. दंड लय दुखत व्हता, आये. मी आपला दाराकडं बघत व्हतो, आता येशील, मंग येशील.”

गंगाबाईनं त्याच्या दंडाकडे हात नेला. पोलीस म्हणाला, चला.