पाचवी सीमा

१९८० सालच्या फेब्रुवारीतला तिसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम रुपये तीनशे सदुसष्ट. हजर: आमचे साडू, त्यांची पत्नी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण ताई, माझी बायको, भिवापूरकडच्या वच्छलाबाई आणि मी. जागा धरमपेठेतल्या माझ्या घराचा व्हरांडा. तिथे त्या दिवशी एका परक्या सरकारविरुद्धच्या नुकसानभरपाईच्या दाव्यावर सह्या व्हायच्या होत्या. सरकार कोणतं ते अजून ठरलं नव्हतं; अर्जात तेवढी जागा कोरी होती. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस, वाढवून बोलायची सवय नाही. पण एवढं छातीठोक सांगतो की, अंतराळाचा कायदा आमच्या साडूंइतका जाणणारा माणूस त्या काळी सबंध विदर्भात दुसरा नव्हता. आणि त्या कायद्याची गरज पडलेला माणूस तर तोवर एकही नव्हता.

साडूंची सारी नोकरी रेडिओच्या परवान्यांच्या टेबलावर गेली. घरात रेडिओ ठेवायचा तर तेव्हा परवाना लागे आणि त्याचं वर्षाचं नूतनीकरण साडू करून देत. इतर कारकून शिक्का मारून मोकळे व्हायचे. साडूंना मात्र प्रश्न पडायचा: खोक्याला परवाना लागतो, मग खोक्यात येणाऱ्या लहरींना कोण विचारतं? पहिला उपग्रह वर गेल्याची बातमी आली तेव्हा हा प्रश्न लहरींवरून थेट उपग्रहांवर चढला आणि पुन्हा कधी खाली आला नाही. नोकरी सांभाळून त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. देशोदेशींचे करार मागवून घेतले, वाचले, समासात शेरे लिहिले. उपग्रहांच्या लहरी आणि आकाशातल्या जागा ठरवणारं एक टेबल दिल्लीत आहे असं त्यांना कळलं होतं. त्या टेबलाशी बसायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा. त्यासाठी दिल्लीला त्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या नकला मी मोजल्या आहेत. एकूण एक्केचाळीस. उत्तरं तीन. त्यांतली दोन पोच होती. तिसरं खरं उत्तर. एका सरकारी यादीत एकच लहर दोघांना दिली गेल्याचं साडूंनी नागपुरात बसून पकडलं होतं, त्यावर आलेलं: ‘आभार. नोंद घेतली आहे.’ ते पत्र त्यांनी देवघरात ठेवलं नाही, एवढंच.

पासष्टच्या सुमाराला त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा साक्षीदार म्हणून मी नोंदणी कचेरीत हजर होतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, उत्तरेस व दक्षिणेस शेजाऱ्यांचे प्लॉट. साडूंनी कागद परत सरकवला. “पाचवी राहिली.”

“पाचवी कोणती?” निबंधक म्हणाले.

“वरची. माझी मालकी कुठवर, अन् तिथून पुढे कोणाची?”

निबंधकांनी चष्मा काढून पुसला. “अन् खालची? पाताळातल्या शेजाऱ्याचं नाव सांगता का, तेही लिहून टाकतो.”

मागच्या रांगेतली माणसं हसली. साडू हसले नाहीत. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता त्यांनी मला समजावलं, की हवा कुठे संपते आणि अंतराळ कुठे सुरू होतं हे जगातल्या कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. “विमानांचे एवढे करार केले लेकांनी, पण धुरा कोणी आखला नाही.” धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. मग त्यांनी स्वतःच तो आखला: शंभर किलोमीटर. त्याखाली हवा, त्यावर अंतराळ. याचं गणित त्यांनी मला तीनदा करून दाखवलं. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, यापलीकडे मी साक्ष देऊ शकत नाही.

संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसत. तारे स्थिर असतात. एखादा ठिपका सरकताना दिसला की घड्याळ बघून वहीत नोंद. रकाने चार: वेळ, कोठून आला, कोठे गेला, परवानगी घेतली काय. चौथ्या रकान्यात वीस वर्षं सलग ‘नाही’.

ताई खालून ओरडायच्या, “त्याईनं मागतली असती तर दिली असती का तुम्ही?”

“दिली असती. पण विचारायले तर पाहिजे.”

संक्रांतीला त्यांच्या गच्चीवर कटलेली पतंग पडली की गल्लीत चर्चा सुरू व्हायची. कारण अंतराळातून पडलेली वस्तू उडवणाऱ्याला परत द्यावी आणि परत करण्याचा खर्च उडवणाऱ्याने सोसावा, असा करार आहे. साडू पतंग घेऊन मालकाचं दार शोधत जात आणि खर्चापोटी तिळाची एक वडी मागून घेत. लोक मुद्दाम त्यांच्या गच्चीवर पतंगी कापायचे. साडूंना ते ठाऊक असावं. वड्या त्यांना आवडत.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात परदेशी प्रयोगशाळा आकाशातून कोसळणार म्हणून सगळीकडे घबराट उडाली, तेव्हा मात्र एरवी टिंगल करणारे लोक रांगेनं साडूंकडे आले. नुकतेच निवृत्त झालेले साडू काळा कोट घालून बसले होते. त्यांचा सल्ला सगळ्यांना एकच: “डोक्यावर पडली तर वर्षाच्या आत या. नंतर मुदत संपते.” ती लांब कुठेतरी पडली. नागपूर बचावलं आणि साडू चार दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून वच्छलाबाईंचं येणं त्यांना प्रसादासारखं वाटलं असेल तर नवल नाही. भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे, आणि आमच्या घरची वर्षाची मिरची याच बाई एस.टी.नं आणून देत. त्या वर्षी पोत्यासोबत त्यांनी वकीलसाहेबांना, म्हणजे साडूंना, दाखवायला एक प्लास्टिकचं डबडं आणलं होतं.

“आभायातून पडलं जी,” त्या म्हणाल्या. “मिरची वायत टाकली होती. हे आलं फडफडत, वर पांढरं फडकं, दोरी, अन् खाली हे. बैल बिचकले, दावं तोडलं, अन् नाचले माह्या मिरचीवर.”

आम्ही साडूंना निरोप धाडला. ते धावतच आले. डबा उघडून बघतात तर आत तारा आणि लहरी पाठवणारं चिमुकलं यंत्र! जन्मभर लहरींचं काम केलेल्या माणसाला आणखी काय पुरावा लागतो? वर अक्षर एकही नव्हतं. डबा लख्ख होता.

“पडताना वेग किती होता?” साडूंनी कागद पुढे ओढला.

“मी काहून मोजू? मी बैलाईमांगं धावून राहिली होती.”

“किती वेगानं?”

“आता तुमच्यामांगं धावून दाखवू का?”

फडफडत आल्याचं साडूंनी ‘परतीच्या प्रवासात वेग मंदावलेली वस्तू’ असं लिहिलं. नुकसान मी काढलं: मिरची अडतीस किलो, दर नऊ, तीनशे बेचाळीस; एका बैलाचं खूर फाटलं त्याचं औषध पंचवीस. पुढचा आठवडाभर साडू मसुदा लिहीत होते. या कायद्याखाली आपल्या देशाकडून गेलेला हा पहिलाच दावा ठरेल, आणि दिल्लीतल्या त्या टेबलावरून तो पुढे जाईल, असं ते म्हणत. नोकरीत तिथे पोचता आलं नाही, तर दावा तरी पोचेल. ताई त्या आठवड्यात एकदाही चिडवून बोलल्या नाहीत.

तर, तो रविवार. अर्जात रहिवासाचा पुरावा हवा म्हणून साडूंनी रेशनकार्ड मागितलं. वच्छलाबाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. कार्डासोबत आणखी एक चुरगळलेला कागद निघाला.

“हा काय?” मी विचारलं.

“त्या डबड्याले चिकटला होता. वकीलसाहेबाईकडे वस्तू मयकी काय न्याची, म्हणून राखेनं घासली. कागदावर शिक्का दिसला, म्हणून जपून ठेवला.”

मी वाचला. हिंदी आणि इंग्रजीत छापलं होतं की, हे हवामान खात्याचं यंत्र फुग्याला बांधून सोडलं आहे. सापडल्यास परत करावं. आणणाऱ्यास दहा रुपये बक्षीस.

कागद साडूंकडे दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला. मग ताई हळूच म्हणाल्या, “तो कागद डब्यात ठेवून द्या न परत. तिले वाचता येत नाही, अन् आम्ही काही पाह्यलं नाही.” वीस वर्षं या माणसाच्या आकाशाची थट्टा करणारी बाई, ती हे सांगत होती.

मी हिशेबात पैशाचा फरक सोडत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मीही वाट शोधली. “देश कोरा आहे, तिथे आपलाच लिहू,” मी म्हणालो. “अन् फुगा तीसेक किलोमीटर वर जातो म्हणतात. कायद्यात सीमा लिहिलेलीच नाही ना? मग अंतराळ पंचविसावर सुरू होतं म्हणा.”

“आपल्याच सरकारवर आपल्याला हा दावा लावता येत नाही,” साडू म्हणाले. “आणि पंधरा वर्षं शंभर म्हणत आलो. आज पंचवीस म्हणू?”

वच्छलाबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. “तुम्ही काय धुरा सरकवाची गोष्ट करून राहिले का? मंग नाई पाहिजे मले. आमच्या गावात धुरा सरकवणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाई कोणी.”

साडू एकदम हसले. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदा. “ऐकलंस का गा?” ते मला म्हणाले, “या बाईला दिल्लीच्या टेबलावर बसवायले पाहिजे.” मग पट्टी घेऊन त्यांनी दाव्यावर तिरकी रेघ मारली आणि खाली सुवाच्य लिहिलं: ‘मागे घेतला. कारण, वस्तू सीमेच्या आतली.’

सोमवारी सायकलला डबा बांधून ते स्वतः हवामान कचेरीत गेले. पडलेली वस्तू परत केलीच पाहिजे, फुग्याची असली तरी. सोबत बक्षिसाची मागणी आणि मिरचीच्या नुकसानीचं पत्र दिलं. माझ्या मोजणीत ते बेचाळिसावं. मिरचीबद्दल उत्तर आलं नाही.

चार वर्षांनी साडू गेले. घरोघरच्या रेडिओचा परवानाही नंतर बंद झाला. गच्चीवरची वही ताईंनी मला दिली. कधी अंधार पडता पडता एखादा ठिपका सरकताना दिसला, की मी वेळ आणि दिशा लिहून ठेवतो. चौथा रकाना मला भरवत नाही. विचारणारा माणूसच आता नाही.

वहीत एक पावतीपुस्तक निघालं. अंतराळाचा पहिला करार झाला त्या साली साडूंनी हौसेनं छापून घेतलेलं, ‘अंतराळविषयक कायदेशीर सल्ला’, पन्नास पावत्या. त्यावरून हिशेब पुरा करतो. वच्छलाबाईंना मनीऑर्डरनं मिळाले रुपये दहा. त्यांनी त्या एप्रिलमध्ये वकीलसाहेबांना फी म्हणून दिली मिरची, निवडलेली, देठ काढलेली, दोन किलो. पावती क्रमांक एक. क्रमांक दोन ते पन्नास कोऱ्या आहेत.